भाकरी अडकते तेव्हा, आणि अडकायच्या आधी



गेल्या काही महिन्यांत वेगवेगळ्या गावांत मला एकच प्रश्न पाच-सहा जणींनी विचारला. तोही बैठकीत नाही, बैठक संपल्यावर चपला घालताना. "मॅडम, ते तोंडातून नळी घालून पोट बघतात ना, त्यात नक्की काय करतात? जीवाला काही होत नाही ना?" चपला घालताना विचारलेले प्रश्नच खरे असतात, असा माझा अनुभव आहे. म्हणून या अंकात दुर्बिणीच्या तपासणीबद्दल, म्हणजे एंडोस्कोपीबद्दल, जरा सविस्तर लिहिते.

आधी अन्ननलिका समजून घेऊ. घशापासून जठरापर्यंत जाणारी ही नळी साधारण २५ सेंटिमीटर लांब असते, एका वितीपेक्षा थोडी जास्त. ती ताणली जाते, मोठा घास आला तरी जागा करून देते. हा तिचा गुण, आणि आपल्यासाठी तोच धोका. अन्ननलिकेचा कॅन्सर सुरू होतो तो सगळ्यात आतल्या पातळ अस्तरात. तेव्हा गाठ नसते, दुखत नाही, घास नीट उतरतो. असतो तो फक्त एक डाग. थोडा लालसर, नाहीतर थोडा फिकट, कधी जरासा खरखरीत. जठराच्या कॅन्सरचंही बरंचसं असंच आहे.

भाकरी अडकायला लागते तोवर नळी आतून चांगलीच अरुंद झालेली असते. आधी भाकरी आणि मटण अडकतं, मग भात, मग पातळ पदार्थ, शेवटी पाणी. आणि आपण बायका काय करतो? जुळवून घेतो. भाकरी आमटीत कुस्करतो, प्रत्येक घासाला पाण्याचा घोट घेतो, "दात गेलेत ना, म्हणून चावत नाही नीट" म्हणतो. एका गावातल्या काकूंनी (त्यांना विचारूनच लिहिते आहे, नाव देत नाही) चार महिने भाकरी दुधात भिजवून खाल्ली. घरच्यांना वाटलं, वय झालं. काकू तीस वर्षं सकाळ-संध्याकाळ मशेरी लावत होत्या. मेडिकलमधून पित्ताच्या गोळ्या आणत होत्या आणि त्या गोळ्यांनी जळजळ थांबतही होती. आजार आतल्या आत वाढत होता. पित्ताच्या गोळ्या वाईट नाहीत, पण त्या त्रास झाकू शकतात. म्हणून महिनोन् महिने स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

काकूंच्या गटात कर्जाचा विषय आला तेव्हा वाद झाला. तपासणीला कर्ज द्यायचं का? शेळीला दिलं तर शेळी दिसते, तपासणीत काय दिसणार? एक ताई म्हणाल्या, "रिपोर्ट चांगला आला तर पैसे वायाच गेले की." मला हे वाक्य फार लागलं, पण त्या ताईंची चूक नाही. पैसा कष्टाचा असतो. शेवटी कर्ज मंजूर झालं. काकूंचा आजार पुढे गेलेला होता, सध्या उपचार चालू आहेत.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. डाग इतका हलका असतो तर तो डॉक्टरांना तरी कसा दिसतो?

तांदूळ निवडताना काळा खडा पटकन दिसतो. पांढरा खडा मात्र सुपात समोर असून सुटतो आणि नेमका दाताखाली येतो. साध्या दुर्बिणीत पांढरा उजेड असतो. त्यात गाठ, जखम, रक्तस्राव नीट दिसतो, पण सुरुवातीचा डाग पांढऱ्या खड्यासारखा सुटू शकतो. तो सुटू नये म्हणून दोन प्रकारच्या युक्त्या आहेत. एक रंगाची, दुसरी उजेडाची.

रंगाची जुनी. आशाताई मिठावर थेंब टाकतात आणि मीठ निळं होतं, ते आपण पाहिलंय. मिठात आयोडीन आहे की नाही ते त्या रंगावरून कळतं. इथे उलटं करतात, आयोडीनचं पाणीच अन्ननलिकेत फवारतात. निरोगी अस्तराच्या पेशींत ग्लायकोजेन नावाचा साखरेचा साठा असतो, त्यामुळे ते अस्तर तपकिरी होतं. बिघडलेल्या पेशींत तो साठा कमी झालेला असतो, म्हणून तेवढी जागा रंगच घेत नाही, फिकट राहते. तपकिरी जमिनीवर पिवळट-गुलाबी ठिपका. मग तो कोणालाही दिसेल. या फवाऱ्याने नंतर छातीत थोडी जळजळ होऊ शकते. आयोडीनची अ‍ॅलर्जी असलेल्यांना हा फवारा देत नाहीत. जठरासाठी निळा रंग वापरतात. तो पेशींत शिरत नाही, नुसता घड्यांत आणि खोबणीत साचतो. फरशीच्या भेगेत रांगोळी बसली की भेग कशी उठून दिसते, तसं.

उजेडाची युक्ती मला स्वतःला जास्त आवडते, कारण ती आपण जत्रेत पाहिलेली आहे. हिरव्या दिव्याखाली लाल साडी काळपट दिसते, बरोबर? लाल रंग हिरवा उजेड पिऊन टाकतो, परत पाठवत नाही, म्हणून. रक्तही लाल. डॉक्टर दुर्बिणीच्या मुठीवरचं एक बटण दाबतात आणि पांढऱ्या उजेडाऐवजी फक्त निवडक निळा आणि हिरवा उजेड आत पडतो. रक्त तो उजेड शोषून घेतं आणि अस्तरातल्या बारीक रक्तवाहिन्या गडद उठून दिसतात. कॅन्सरच्या सुरुवातीला याच बारीक रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या होतात, त्यांचे ठिपके दिसतात, तो भाग तपकिरी दिसतो. औषध नाही, फवारा नाही, नुसतं बटण. याला एनबीआय म्हणतात. हे तंत्र जपानमध्ये तयार झालं आणि साधारण २००५ पासून वापरात आलं. दुसऱ्या कंपन्यांच्या दुर्बिणींत याच कामाची सोय वेगळ्या नावांनी असते.

याचा फरक किती पडतो? जपानमध्ये ३२० रुग्णांवर अभ्यास झाला, तो २०१० मध्ये छापून आला. हे रुग्ण म्हणजे ज्यांना अन्ननलिकेचा कॅन्सर झालेला होता असे. त्यांच्या अन्ननलिकेतले वरवरचे, म्हणजे सुरुवातीचे कॅन्सर साध्या उजेडात ५५ टक्केच सापडले, निळ्या-हिरव्या उजेडात ९७ टक्के.

आता तंबाखूचं बघा. तंबाखूचा रस फक्त गालाला लागत नाही, तो गिळलाही जातो. ज्या तंबाखूने तोंड बिघडवलं, त्याच तंबाखूने खालची नळीही बिघडवलेली असू शकते. दारू सोबत असेल तर जास्तच. त्यामुळे तोंडाचा किंवा घशाचा कॅन्सर बरा झालेल्या माणसाला काही वर्षांनी अन्ननलिकेत दुसरा, नवा कॅन्सर होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. आपल्या प्रत्येक गावात असा एखादा माणूस आहे, ज्याच्या तोंडाचं ऑपरेशन झालंय. कोणाचे दीर, कोणाची जाऊ. या माणसाने काहीही अडकत नसताना आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारायचं, "माझी अन्ननलिका दुर्बिणीतून बघायची गरज आहे का? बघताना आयोडीन किंवा एनबीआय वापराल का?" एवढे दोन प्रश्न. या लेखातलं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, हे घरी जाऊन सांगा.

कारण या पायरीवर सापडलं तर अनेकदा पोट किंवा छाती उघडावी लागत नाही. दुर्बिणीतूनच तो डाग अस्तरासकट सोलून काढता येतो. हे काम मोठ्या ठिकाणीच होतं, पण होतं.

मग सगळ्यांनीच दुर्बीण घालून घ्यायची का? नाही. दक्षिण कोरियात चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी जठराची तपासणी सरकारच करवतं, कारण तिथे जठराचा कॅन्सर खूप. आपल्याकडे मिझोराममध्ये जठराचा आणि मेघालयात अन्ननलिकेचा कॅन्सर जास्त आहे, महाराष्ट्रात तेवढं प्रमाण नाही. आपल्याकडे तीस वर्षांवरच्यांची सरकारी तपासणी होते ती तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची. ती मोफत आहे आणि तीसुद्धा आपण चुकवतो, हा वेगळाच विषय.

पण काही गोष्टी अंगावर काढायच्या नाहीत. घास अडकणे, एकदा-दोनदा नाही तर दोन-तीन आठवडे. कारण नसताना वजन उतरणे. रक्ताची उलटी. डांबरासारखी काळी शौच. (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, म्हणून गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, घाबरू नका.) पन्नाशीनंतर नव्यानेच सुरू झालेलं आणि न थांबणारं पित्त. आणि एक जे आपण कधीच मोजत नाही. पाळी थांबलेल्या बाईचं हिमोग्लोबिन कमी येतं तेव्हा सगळे म्हणतात, अशक्तपणा आहे, बीट खा. पाळीत रक्त जात नाही, मग ते जातंय कुठे? जठर आणि आतड्यातून थोडं थोडं जात असू शकतं. हे विचारायला हवं.

तपासणी कशी होते ते सांगते. आदल्या रात्रीपासून उपाशी, निदान सहा ते आठ तास. कवळी काढून ठेवायची. शुगर, बीपी किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगायचं. काही ठिकाणी आतला फेस आणि चिकटा जावा म्हणून पातळ औषध प्यायला देतात. घशात बधिर करणारा फवारा मारतात, कधी गुंगीचं इंजेक्शनही. डाव्या कुशीवर झोपवतात, दातांत प्लास्टिकची कडी ठेवतात. नळी करंगळीएवढी जाड असते. उमासे येतात, डोळ्यांतून पाणी येतं, पण श्वास कोंडत नाही, कारण नळी श्वासाच्या वाटेने जात नाही. नाकाने हळू श्वास घ्यायचा. काम पाच-दहा मिनिटांचं. "लवकर आटपा" असा आग्रह धरू नका. युरोपातल्या तज्ज्ञांच्या संघटनेने पहिल्या तपासणीला निदान सात मिनिटं द्यावीत असं सांगितलंय. बटण कितीही भारी असलं तरी बघणारा डोळा सावकाश फिरला तरच डाग सापडतो. घशाचा बधिरपणा जाईपर्यंत काही खायचं-प्यायचं नाही, आणि गुंगी दिली असेल तर सोबत माणूस हवंच, एकटीने एसटीने येऊ नका.

शंकेची जागा दिसली तर चिमटीने तिळाएवढा तुकडा काढतात. तो काढताना दुखत नाही. "तुकडा काढला की कॅन्सर पसरतो" हे मी प्रत्येक गावात ऐकलंय. ते खरं नाही. तुकड्याशिवाय निदान पक्कं होत नाही. रिपोर्टला काही दिवस लागतात, आणि तो आणायला जायचं राहून जातं, असंही होतं. तारीख गटाच्या सचिवांकडे लिहून ठेवा.

साधी एंडोस्कोपी बहुतेक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत आणि काही जिल्हा रुग्णालयांत होते, खासगीपेक्षा खूप कमी खर्चात. जायच्या आधी कोणत्या वारी होते ते आशाताईंकडून विचारून घ्या, नाहीतर फेरी वाया जाते. कॅन्सर निघालाच तर उपचाराला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. रेशनकार्ड, आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटायचं. अडचण असते ती त्याच्या आधीच्या खर्चाची: जायचं भाडं, तपासणी, तुकड्याचा रिपोर्ट, बुडालेली मजुरी. इथेच गट लागतो. ग्रामसंघाकडे व्हीआरएफ असेल तर तो अशाच अडचणीसाठी असतो. नसेल तर अंतर्गत कर्जाच्या नियमांत "आजाराची तपासणी" हे कारण लिहून घ्या, म्हणजे प्रत्येक वेळी आजारी बाईला सगळ्यांसमोर आपलं दुखणं सांगत बसावं लागणार नाही. पुढच्या महिन्यात प्रभागसंघाच्या बैठकीत हा विषय मी मांडणार आहे. आपापल्या गटाचं मत ठरवून, शक्यतो ठराव लिहूनच पाठवा.