दुय्यम सर्व्हरची शिळी यादी

अशी कल्पना करा की एका संकेतस्थळाचा पत्ता काल बदलला. तुमच्या घरच्या संगणकावर नवे पान उघडते, पण तुमच्या मित्राकडे अजून जुनेच दिसते. दोघांनी टाइप केलेले नाव मात्र एकच! दोनचार तास वाट पाहूनही असाच प्रकार चालू राहिला, तर कोठेतरी एक नक्कल अडली असण्याचा संभव असतो. ही नक्कल कसली आणि ती का अडते, ते आज पाहू.

इंटरनेटवरील संगणक एकमेकांना अंकांनी ओळखतात. नावे आहेत ती आपल्या सोयीसाठी. अर्पानेट या जुन्या जाळ्यातील सर्व नावांची व अंकांची एकच यादी अमेरिकेतील एस. आर. आय. या संस्थेत ठेवली जाई, आणि इतर संगणक तिची नक्कल उतरवून घेत. संगणक वाढले तशी ही पद्धत अपुरी पडू लागली. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी नवी रचना मांडली. यादीचे भाग पाडावेत आणि प्रत्येक भाग ज्याचा त्याने सांभाळावा, अशी ही डीएनएस नावाची व्यवस्था. यादीच्या अशा एका भागाला झोन म्हणतात.

एक सर्व्हर बंद पडला तरी दुसऱ्याने उत्तर द्यावे, म्हणून झोन निदान दोन सर्व्हरांवर ठेवतात. दुरुस्ती फक्त मुख्य सर्व्हरवर करायची. दुय्यम सर्व्हर त्याची नक्कल घेतो. या नकलेचे नाव झोन ट्रान्स्फर. विचारणारा मात्र दोघांपैकी कोणाकडेही जाऊ शकतो. नक्कल शिळी असेल, तर काहींना नवे व काहींना जुने उत्तर मिळते.

कोपऱ्यातील क्रमांक

शाळेचे वेळापत्रक मुख्याध्यापकांच्या खोलीत असते आणि त्याची नक्कल दुसऱ्या इमारतीत. नक्कल ताजी आहे की नाही हे पाहताना शिपाई सगळे तास ताडून पाहत बसत नाही. कोपऱ्यात लिहिलेला आवृत्तीचा क्रमांक तेवढा पाहतो. दुय्यम सर्व्हरही तेच करतो. प्रत्येक झोनच्या आरंभी एसओए नावाची नोंद असते व तीत अनुक्रमांक असतो. मुख्य सर्व्हरचा अनुक्रमांक आपल्यापेक्षा मोठा दिसला, तरच दुय्यम सर्व्हर यादी मागवतो. किती वेळाने पाहायचे, संपर्क न झाल्यास पुन्हा केव्हा प्रयत्न करायचा आणि किती काळानंतर नक्कल रद्द समजायची, हेही त्याच नोंदीत लिहिलेले असते.

आता बिघाड शोधू. डिग नावाच्या प्रोग्रॅमने दोन्ही सर्व्हरांना त्यांचा अनुक्रमांक विचारावा. उत्तरावरून पुढची दिशा कळते.

क्रमांक सारखेच, पण नोंदी वेगळ्या? मग यादी बदलणारा क्रमांक वाढवायला विसरला. वेळापत्रक बदलले, कोपरा तसाच राहिला! मुख्य सर्व्हरही जुनेच उत्तर देत असेल, तर नव्या यादीत लिहिण्याची चूक असू शकते. ती यादी न स्वीकारता सर्व्हर जुनीच चालू ठेवतो.

मुख्य सर्व्हरचा क्रमांक मोठा? मग दुय्यम सर्व्हरला बदल कळतो, पण यादी हाती येत नाही. याचे एक कारण मोठे गमतीचे आहे. क्रमांकाची छोटी चौकशी सहसा यूडीपी पद्धतीने, पोस्टकार्डासारखी जाते. संपूर्ण यादीसाठी मात्र टीसीपी, म्हणजे आधी संपर्क जोडून पोच घेत जाणारी पद्धत लागते. दोन्हींचे दार एकच, क्रमांक ५३. वाटेतील फायरवॉलने यूडीपी सोडले व टीसीपी अडवले, की पोस्टकार्ड पोहोचते, पार्सल अडकते.

दुसरे कारण परवानगीचे. संपूर्ण यादी कोणालाही देणे धोक्याचे असल्याने मुख्य सर्व्हर ठरावीक पत्त्यांनाच ती देतो. दुय्यम सर्व्हरचा पत्ता बदलला आणि परवानगी जुनीच राहिली, तर नकार मिळतो. काही ठिकाणी गुप्त किल्लीने सहीही तपासतात. सहीत वेळ असते. दोन्ही यंत्रांच्या घड्याळांत साधारणपणे ५ मिनिटांहून अधिक फरक पडला, तर खरी सहीसुद्धा नाकारली जाते.

क्रमांक मागे कसा घ्यावा?

आता उलट प्रकार पाहा. पुष्कळ जण अनुक्रमांक तारखेवरून लिहितात. २०२६०३१५०१ ऐवजी चुकून २०६२०३१५०१ लिहिले गेले. दुय्यम सर्व्हरने ते घेतले. आता योग्य क्रमांक लहान ठरतो व नवी यादी कोणी घेत नाही. मात्र हे आकडे सरळ रेषेवर नसून घड्याळाच्या तबकडीसारखे वर्तुळावर आहेत. ४२९४९६७२९५ नंतर पुन्हा ० येतो, आणि अर्ध्या वर्तुळाच्या आत पुढे असलेला क्रमांक मोठा समजतात. म्हणून चुकीच्या क्रमांकात २१४७४८३६४७ मिळवा. ४२०९५१५१४८ येतील. हा क्रमांक सर्व दुय्यम सर्व्हरांनी घेतला, की २०२६०३१५०२ लिहा. शून्य ओलांडून जाताना तो अर्ध्या वर्तुळाच्या आत पुढे पडतो. वजाबाकी करून स्वतः ताडून पाहा.

शेवटची शक्यता अशी, की मुख्य सर्व्हरशी संपर्कच तुटला. येथे खरा धोका आहे, कारण दुय्यम सर्व्हर जुन्या नकलेवरून उत्तरे देत राहतो आणि कोणालाच काही जाणवत नाही. रद्द होण्याची मुदत १४ दिवस असेल, तर १ मार्चला तुटलेल्या संपर्काचा परिणाम १५ मार्चला दिसतो. दुय्यम सर्व्हर त्या झोनविषयी उत्तर देणेच थांबवतो. त्याच वेळी मुख्य सर्व्हर बंद पडला, तर संकेतस्थळ चालू असूनही त्याचा पत्ता सांगणारा कोणी उरत नाही.

म्हणून दुसरा सर्व्हर ठेवला म्हणजे काम झाले असे समजू नये. दोघांचे अनुक्रमांक अधूनमधून ताडून पाहावेत. त्यास एक मिनिटही लागत नाही, आणि बिघाड मात्र १४ दिवस आधी कळतो.