बोअरच्या पाण्यात फ्लोराईड किती? फिका पडलेला रंग सांगतो हिशेब

बोअरचं पाणी काचेसारखं नितळ असतं, चवीलाही बरं लागतं. तरी त्यात फ्लोराईड जास्त असू शकतं. ते डोळ्याला दिसत नाही, जिभेला कळत नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत ही तक्रार जुनी आहे. असं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की लहान मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे उमटतात, मोठ्यांचे सांधे आखडतात. भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराईड चालतं. दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत.

जे दिसतच नाही ते मोजायचं कसं? रंगाच्या मदतीने.

प्रयोगशाळेत नमुन्यात एक लाल द्रावण मोजून टाकतात. त्यात स्पॅडन्स नावाचा रंग आणि झिर्कोनियम एकमेकांना धरून असतात. पाण्यातलं फ्लोराईड झिर्कोनियमला आपल्याकडे ओढतं आणि लाल रंग फिका पडतो. फ्लोराईड जितकं जास्त, तितका रंग फिका.

हा फिकेपणा मशीन मोजते. लाल द्रावण हिरवट-पिवळा प्रकाश शोषून घेतं, म्हणून नळीच्या एका बाजूने तोच प्रकाश सोडतात आणि पलीकडे किती पोचला ते पाहतात. रंग गडद असेल तर प्रकाश जास्त अडतो, फिका असेल तर जास्त पार होतो. यामागे बिअर-लँबर्टचा नियम आहे. (यातला बिअर म्हणजे जर्मन शास्त्रज्ञ, बाटलीतली नव्हे!) फ्लोराईड किती आहे ते आधीच माहीत असलेले नमुने मशीनमध्ये घालून आलेख काढलेला असतो. आपल्या पाण्याचं रीडिंग त्या आलेखावर कुठे बसतं, त्यावरून आकडा मिळतो. ही पद्धत साधारण १.४ मिलिग्रॅमपर्यंतच नीट चालते. पाणी त्याहून वाईट असेल तर शुद्ध पाणी घालून ते पातळ करतात. निम्म्यावर आणल्यावर १.२ आलं, तर खरा आकडा २.४.

गावात जलजीवन मिशनचं किट असतं, त्यातही रंगच पाहतात, पण डोळ्याने. पाणी ढोबळमानाने चांगलं की वाईट, एवढं त्यातून कळतं. १.२ आणि १.६ मधला फरक मात्र डोळ्याला सहज पकडता येत नाही, आणि खरा प्रश्न नेमका तिथेच असतो. शंका आली तर नमुना प्रयोगशाळेत पाठवलेलाच बरा.

नमुना घेताना गडबड झाली तर मशीनही फसते. पाण्यात नुकतंच टीसीएल टाकलेलं असेल तर त्यातलं क्लोरीन स्पॅडन्सचाच रंग उडवतं आणि फ्लोराईड आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. तुरटी फिरवलेली असेल तर उलटं होतं, आकडा कमी येतो. प्रयोगशाळेत यावर उपाय करता येतात, पण पाण्यात काय टाकलं होतं हे आपण सांगायला हवं. गढूळ पाणी किंवा नळीवरचे बोटांचे ठसेसुद्धा प्रकाश अडवतात.

हातपंप थोडा वेळ हापसून मग नमुना स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत भरावा. वर गाव, बोअरचं ठिकाण आणि तारीख लिहावी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत ही तपासणी होते. गावचे जलसुरक्षक नमुना पुढे पाठवतात.

आकडा १.५ च्या वर आला तर ते पाणी उकळून पिऊ नये. उकळल्याने पाणी आटतं, फ्लोराईड तेवढंच राहतं. स्वयंपाक आणि पिण्यासाठी तपासून ठीक निघालेल्या दुसऱ्या विहिरीचं किंवा नळाचं पाणी घ्यावं. धुण्या-भांड्याला बोअरचं चालेल.