कुत्र्याला रंग लावावा का?

चीनमधील ताइचौ शहराच्या प्राणिसंग्रहालयात मे २०२४ मध्ये 'पांडा' पाहायला लोकांनी गर्दी केली. पण ते पांडा नव्हतेच! चाऊ चाऊ जातीच्या दोन कुत्र्यांचे केस काळे-पांढरे रंगवले होते. माणसेही केस रंगवतात, असे संग्रहालयाचे म्हणणे होते.

मुलांनो, तुम्हांला हे पटते का? माणूस स्वतःच्या इच्छेने केस रंगवतो आणि नंतर ते चाटत नाही. कुत्रा मात्र आपले अंग चाटत असतो. आपल्या कलपात अमोनियासारखी तीव्र द्रव्ये असतात. ती त्याच्या पोटात जातात. त्याची कातडी आपल्यापेक्षा पातळ, म्हणून तिची आग होते. बीटाच्या रसाने एवढे नुकसान होत नाही, हे खरे. पण हौस कोणाची? कुत्र्याला तर लाल आणि हिरवा यांतला फरकही नीट कळत नाही.

पोळ्याला शेतकरी बैलांची शिंगे रंगवतात. ते वेगळे. शिंगाचा वरचा थर आपल्या नखासारखा निर्जीव असतो.

रंगपंचमीला तुमच्या ओळखीच्या कुत्र्यावर कोणी रंग टाकला, तर त्याला लगेच कोमट पाण्याने धुवा. रंग निघावा म्हणून रॉकेल मात्र कधीही लावू नका.