लोणावळ्याच्या पावसात गाडीचे सगळे दिवे एकदम पेटले? ‘ईसीएम गेला’ म्हणण्याआधी या दोन वायरी तपासा

समजा, जुलै महिन्यातला रविवार आहे. भुशी डॅमला भिजून झालं, टायगर पॉइंटला कांदाभजी खाऊन झाली, चिक्कीचे चार पुडे डिकीत पडले. आता परतीचा रस्ता. गाडी सुरू केली आणि मीटरवर दिवाळी! इंजिनचा दिवा, एबीएसचा दिवा, एअरबॅगचा दिवा, स्टिअरिंगचा दिवा, सगळे एकदम पेटले. स्पीडोमीटरचा काटा शून्यावर पडलाय, स्टिअरिंग जड झालंय आणि बाहेर पाऊस काही थांबायचं नाव घेत नाही.

पहिला विचार काय येतो? ‘मेलो, सगळी गाडीच गेली.’

पण जरा शांत डोक्यानं बघा. इंजिन, ब्रेक, एअरबॅग आणि स्टिअरिंग या चार वेगळ्या गोष्टी आहेत. त्या चारही एकाच मिनिटाला खराब होणं अवघड. घरातल्या चार खोल्यांचे दिवे एकदम गेले तर आपण चार बल्ब आणायला पळत नाही, आधी मेन स्विच बघतो. गाडीचंही तसंच आहे. चार भाग एकदम तक्रार करायला लागले, तर भाग शाबूत असण्याची आणि त्यांचं एकमेकांशी बोलणं तुटलेलं असण्याची शक्यता जास्त.

हे बोलणं म्हणजे काय, ते कुठे तुटतं आणि कसं शोधायचं, हे माहीत असलं तर गॅरेजमधले बरेच पैसे वाचतात. घाटातला धोकाही टळतो.

गाडीत बोलतं कोण?

जुन्या फियाटमध्ये असला काही प्रकारच नव्हता. बटणापासून दिव्यापर्यंत एक वायर, विषय संपला. आजच्या साध्या हॅचबॅकमध्येही इंजिनसाठी एक छोटा कम्प्युटर असतो, एबीएससाठी दुसरा, एअरबॅगसाठी तिसरा, स्टिअरिंगसाठी चौथा, काचा-लॉक-दिव्यांसाठी पाचवा. यांना कंट्रोल मॉड्यूल म्हणतात. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून प्रत्येक नव्या कारला एबीएस सक्तीचं झालं, १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. त्यामुळे स्वस्तातली गाडीसुद्धा आता कम्प्युटरशिवाय रस्त्यावर येत नाही.

या कम्प्युटरांना एकमेकांची माहिती सतत लागते. चाक किती वेगानं फिरतंय हे एबीएसला कळतं, पण तो आकडा मीटरला हवा असतो, इंजिनला हवा असतो आणि स्टिअरिंगलाही हवा असतो. प्रत्येकासाठी वेगळी वायर ओढली तर गाडीत वायरींचं जंगल होईल.

यावर बॉश या जर्मन कंपनीनं १९८३ पासून काम सुरू केलं आणि १९८६ साली अमेरिकेत डेट्रॉइटला एक पद्धत जगासमोर मांडली. नाव कंट्रोलर एरिया नेटवर्क, म्हणजेच ‘कॅन’. १९९१ च्या मर्सिडीज एस-क्लासपासून ती गाड्यांमध्ये रुळत गेली. आज ती जवळपास प्रत्येक कारमध्ये आहे.

दोन वायरींचा व्हॉट्सॲप ग्रुप

कॅन म्हणजे एकमेकींभोवती पीळ दिलेल्या दोन वायरी. एक ‘कॅन हाय’, दुसरी ‘कॅन लो’. गाडीतले सगळे मॉड्यूल याच जोडीला लटकलेले असतात.

हा एक व्हॉट्सॲप ग्रुपच समजा. एबीएसनं मेसेज टाकला, ‘वेग ६२’. तो सगळ्यांना दिसतो. ज्याला हवा तो घेतो, बाकीचे सोडून देतात. दोघांनी एकाच वेळी बोलायला सुरुवात केली तर? प्रत्येक मेसेजला एक क्रमांक असतो आणि लहान क्रमांकाला आधी वाट मिळते. घाटात ॲम्ब्युलन्स आली की बाकीच्यांनी बाजूला व्हायचं, तसं. ब्रेकचा मेसेज पुढे जातो, काचेचा थांबतो. हे सगळं साधारणपणे सेकंदाला ५ लाख बिट इतक्या वेगानं चालतं.

गप्प असताना दोन्ही वायरींवर सुमारे २.५ व्होल्ट असतात. बोलताना हाय वर जाते ३.५ पर्यंत आणि लो खाली येते १.५ पर्यंत. दोघींमधला फरक हाच संदेश. बाहेरून विजेचा गोंधळ आला तरी तो पिळामुळे दोन्ही वायरींवर जवळपास सारखाच पडतो आणि फरक तसाच राहतो. वायरींना पीळ देण्यामागचं कारण हे आहे.

आणखी एक गोष्ट. दरीच्या तोंडाशी उभं राहून हाक मारली की प्रतिध्वनी येतो ना? वायरीतही तसंच होतं. सिग्नल टोकाला आदळून परत आला तर पुढचा मेसेज बिघडतो. म्हणून वायरीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. तो हा प्रतिध्वनी गिळून टाकतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे सगळा तपास त्याच्यावरच आहे.

मावळातच हे जास्त का होतं?

लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पुणे शहराच्या कितीतरी पट. आणि तांब्याच्या बारीक पिनांचा पहिला शत्रू म्हणजे ओल.

पुढच्या काचेखाली एक जाळी असते. तिथलं पाणी खाली जायला वाट असते. झाडाखाली गाडी लावली की पानं कुजून ती वाट बंद होते आणि पाणी आत, पायाखालच्या कार्पेटमध्ये झिरपतं. बऱ्याच गाड्यांमध्ये वायरींचे जोड तिथेच किंवा सीटखाली असतात. वरून कार्पेट कोरडं दिसतं, खाली मात्र पिनांवर हिरवा गंज चढत असतो.

दुसरा शत्रू उंदीर. पावसात बिळं भरली की त्यांना उबदार इंजिनची जागा आवडते. गाडीत चिक्कीचा चुरा सांडलेला असेल तर आमंत्रणच. तिसरा प्रकार वीकेंड होमवाल्यांचा. बंगल्यात गाडी महिना-महिना उभी, बॅटरी अर्धमेली. चौथा आपल्या हौसेचा. बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टीम, रिव्हर्स कॅमेरा, अलार्म. वायर कापून टेप गुंडाळली की पहिल्या पावसापर्यंत सगळं झकास चालतं.

कोड काय सांगतो आणि काय सांगत नाही

गॅरेजवाला स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावतो. बिघाड बोलण्यातला असेल तर कोड इंग्रजी ‘यू’ अक्षरानं सुरू होतो. यू०१०० म्हणजे इंजिनच्या मॉड्यूलशी संपर्क तुटला. यू०१२१ म्हणजे एबीएसशी. यू०१४० म्हणजे दिवे-लॉक सांभाळणाऱ्या बॉडी मॉड्यूलशी.

इथेच सगळ्यात महागडी चूक होते. यू०१२१ आला म्हणून ‘एबीएस मॉड्यूल बदला’ असं सांगितलं जातं. पण या कोडचा अर्थ एवढाच की एबीएसचा आवाज ऐकू येत नाही. ग्रुपवर एखादा दिवसभर काही बोलला नाही, तर त्याचा फोन बिघडला असेल, चार्जिंग संपलं असेल किंवा रेंज नसेल. तिन्हीला उपाय वेगळा. एबीएसचा फ्यूज उडाला, त्याची अर्थिंग गंजली किंवा वायर तुटली, तरी कोड हाच येतो. नवा मॉड्यूल हजारोंचा, फ्यूज काही रुपयांचा.

म्हणून एकच कोड बघून थांबायचं नाही. सगळ्या मॉड्यूलना हाक मारायची आणि यादी करायची, कोण उत्तर देतो आणि कोण देत नाही.

पुणे-लोणावळा लोकलचं उदाहरण घ्या. तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत उत्तर देतायत आणि मळवली, लोणावळा गप्प आहेत. मग तार कुठे तुटली असेल? कामशेत आणि मळवलीच्या मध्ये. गाडीचा वायरिंगचा नकाशा समोर ठेवला की बऱ्याचदा तपास इतका सरळ होतो. एकटा कान्हेच गप्प असेल, तर मुख्य लाइन ठीक आहे. कान्ह्याचा फ्यूज, अर्थिंग आणि त्याच्यापुरता फाटा बघायचा.

पाच पायऱ्यांचा तपास

१. आधी बॅटरी. चार्ज असलेली बॅटरी इंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५. बॅटरी कमजोर असली की मॉड्यूल अर्धवट झोपेत जातात आणि खोटे यू कोड पडतात. बॅटरीचे आणि बॉडीला जोडलेल्या अर्थिंगचे नट घट्ट आहेत ना, हेही बघायचं.

२. मग ६० ओहमची चाचणी. चावी काढायची, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवायची, काही मिनिटं थांबायचं. स्कॅनरच्या सॉकेटमधल्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये मल्टीमीटर लावायचा. दोन टोकांचे दोन १२० ओहम समांतर जोडलेले, म्हणून उत्तर ६० च्या आसपास यायला हवं. सभागृहाला दोन दारं असली की गर्दीला अडथळा निम्मा होतो, तसं.
१२० आलं, तर एक टोक हरवलंय, म्हणजे वायर कुठेतरी तुटलीये किंवा टोकाचा मॉड्यूल सुटलाय. शून्याच्या जवळ आलं, तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्यात. ४० आलं, तर कुणीतरी तिसरा रेझिस्टर असलेला भाग जोडून ठेवलाय.
काही नव्या गाड्यांमध्ये सॉकेट आणि आतलं नेटवर्क यांच्यामध्ये ‘गेटवे’ नावाचा पहारेकरी मॉड्यूल असतो. तिथे सॉकेटवरचा आकडा वेगळा येऊ शकतो. कंपनीचा नकाशा बघूनच निर्णय घ्यायचा.

३. बॅटरी जोडून व्होल्टेज. चावी ऑन करून प्रत्येक वायर अर्थशी मोजायची. हाय २.५ च्या किंचित वर, लो किंचित खाली, दोघींची बेरीज ५ च्या आसपास. एखादी शून्यावर असेल तर ती बॉडीला टेकलीये. १२ दाखवत असेल तर बॅटरीच्या वायरला चिकटलीये. हा दोष ६० ओहमच्या चाचणीत दिसत नाही, म्हणून ही पायरी गाळायची नाही.

४. एकेक मॉड्यूल सोडवणे. कधी एखादा मॉड्यूल आतून बिघडून पूर्ण लाइन दाबून धरतो. ग्रुपवर एकानं ‘गुड मॉर्निंग’चा मारा सुरू केला की कामाचं कुणालाच बोलता येत नाही. कॅनमध्ये यावर सोय आहे. प्रत्येक मॉड्यूल स्वतःच्या चुका मोजतो आणि मोजणी २५५ च्या पुढे गेली की स्वतःच ग्रुप सोडतो. पण चिपच जळाली असेल तर ही सोय चालत नाही. अशा वेळी चावी बंद करून एकेक कनेक्टर काढायचा आणि पुन्हा मोजायचं. ज्याला काढल्यावर लाइन मोकळी झाली, तो संशयित. आधी बाहेरून बसवलेल्या वस्तू काढायच्या.

५. हलवून बघणे. मीटर लावून ठेवायचा आणि वायरिंग हातानं हलवायचं. आकडा उडाला की जागा सापडली. दारांच्या बिजागरीजवळचं रबर, कार्पेटखालचे जोड आणि इंजिनजवळचे उंदरांचे दात आधी तपासा.

तुटलेली वायर जोडताना पीळ शक्य तितका जोडापर्यंत टिकवायचा, पक्का जोड देऊन वर उष्णतेनं आवळणारी नळी चढवायची. नुसती टेप म्हणजे पुढच्या रविवारची सोय. शेवटी कोड पुसून गाडी फिरवायची आणि पुन्हा स्कॅन करायचं. कोड परत आला नाही, तरच काम झालं.

घाटात असं झालं तर

एबीएसचा दिवा एकटाच लागला असेल तर साधा ब्रेक सहसा चालतो, पण ओल्या रस्त्यावर जोरात दाबला तर चाकं जागीच अडकून गाडी घसरू शकते. स्टिअरिंगची मदत गेली तर ते जड होतं, पण वळतं. इंजिन कधी स्वतःला वाचवायला ताकद कमी करतं आणि चढावर गाडी रेंगाळते.

अशा वेळी खंडाळ्याचा घाट उतरायचं धाडस करू नका. हझार्ड दिवे लावा, सुरक्षित जागी बाजूला घ्या, माणसांना गाडीबाहेर कठड्यापलीकडे उभं करा. न्यूट्रलमध्ये उतार उतरू नका. मीटरवरच्या दिव्यांचा मोबाईलवर फोटो काढा, कारण गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत पिना वाळून दिवे विझलेले असू शकतात आणि मग ‘काहीच नाही हो साहेब’ ऐकावं लागतं. ब्रेक ऑइलचा किंवा इंजिन ऑइलचा लाल दिवा असेल तर गाडी हलवूच नका, टोइंग बोलवा.

ऑनलाइन मिळणारा स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर बहुतेकदा इंजिनचेच कोड वाचतो, एबीएस आणि एअरबॅगपर्यंत पोहोचत नाही. त्यानं ‘सगळं ठीक’ म्हटलं म्हणून निर्धास्त होऊ नका.

गॅरेजमध्ये विचारायचे तीन प्रश्न

‘ईसीएम गेलाय, बदलावा लागेल’ असं ऐकलं की शांतपणे विचारा. सगळ्या मॉड्यूलचं स्कॅन केलं का? ६ आणि १४ मध्ये किती ओहम आले? त्या मॉड्यूलचा करंट आणि अर्थिंग तपासली का?

चांगला वायरिंगवाला या प्रश्नांनी चिडत नाही. उलट मीटर हातात घेऊन दाखवतो. आणि ज्याच्याकडे तिन्ही प्रश्नांना उत्तर नाही, त्याच्याकडे मॉड्यूलची ऑर्डर देऊ नका. कदाचित तुमच्या गाडीला नव्या कम्प्युटरची गरजच नसेल. एका हिरव्या पडलेल्या पिनेला साफ करून, पानांनी बुजलेली पाण्याची वाट मोकळी करून काम होण्यासारखं असेल.

पुढच्या पावसाळ्यात लोणावळ्याला निघण्याआधी ती काचेखालची जाळी एकदा हातानं साफ करा. पाच मिनिटांचं काम आहे.