आठ तासांचा जोडतारा

सप्तर्षींतल्या पुलहाच्या पश्चिमेला, साधारण ११ अंशांवर, ‘डब्ल्यू उर्से मेजोरिस’ आहे. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही, दुर्बीण हवीच. बाहेरचे थर एकमेकांना भिडलेले दोन तारे ८ तासांत परस्परांभोवती फेरी मारतात. त्यामुळे दर ४ तासांनी एक दुसऱ्याला झाकतो आणि ७.८ प्रतीचे तेज ८.५ प्रतीपर्यंत, म्हणजे जवळपास निम्म्यावर उतरते. पॉट्सडॅमच्या म्युलर आणि केम्फ यांनी १९०३ मध्ये हे टिपले.

मार्चअखेर जळकोटहून रात्री साडेनऊला तो उत्तरेला ५३ अंश उंच असतो (ध्रुवतारा जेमतेम १९!). चांदण्याची रात्र टाळा. शेजारच्या स्थिर ताऱ्यांशी तुलना करत दर १० मिनिटांनी नोंद घ्या. एकाच बैठकीत पूर्ण चढउतार हाती लागतो. जळकोट पूर्वी ज्या हैदराबाद संस्थानात होते, तिथल्या निजामिया वेधशाळेत डॉ. कृ. दा. अभ्यंकरांनी ग्रहणकारी जोडताऱ्यांवर काम केले.