थेंब, ध्रुव आणि रीडिंग

सकाळी 7.30. एफवायचा तास. पट्टीचुंबक मोडला की उत्तर ध्रुव एका तुकड्यात आणि दक्षिण ध्रुव दुसऱ्यात जाईल, असं निम्म्या वर्गाला वाटतं. म्हणून मी तो वर्गात मोडूनच दाखवते. होकायंत्राची सुई सांगते, दोन्ही तुकड्यांना दोन्ही ध्रुव. धन किंवा ऋण प्रभार मात्र सुटा मिळतो.

9.00. मिलिकनचं प्रॅक्टिकल. पडदे ओढलेले, दिवे बंद. फवारा मारला की सूक्ष्मदर्शीत तेलाचे थेंब चांदण्यांसारखे चमकतात. सावकाश उतरणारा एक निवडायचा, स्टॉपवॉच लावायचं, व्होल्टेज देऊन त्याला वर न्यायचं, परत सोडायचं. डोळे चुरचुरतात, थेंब निसटतो, नवा धरावा लागतो. पण गणित केलं की मोजमापातली चूक सोडता प्रत्येक थेंबावरचा प्रभार एकाच आकड्याच्या पूर्ण पटीत येतो. एकपट, दुप्पट, तिप्पट. अडीचपट नाही. हे डोळ्यांनी न बघता सूत्र पाठ करणं मला अजिबात पटत नाही.

12.00. डबा.

1.00. टीवाय. प्रोटॉनमध्ये तीन क्वार्क : दोघांवर +2/3, एकावर −1/3. बेरीज इलेक्ट्रॉनच्या प्रभाराइतकीच, फक्त चिन्ह उलटं. इलेक्ट्रॉनमध्ये तर क्वार्क नाहीतच, मग हिशेब इतका चोख कसा? 1931 साली डिरॅक यांनी दाखवलं, की विश्वात एक जरी सुटा चुंबकीय ध्रुव असला, तरी विद्युतप्रभार ठरावीक पटींतच असावा लागतो. इतका देखणा युक्तिवाद मी दुसरा शिकवत नाही.

पुढे असा सुटा ध्रुव, म्हणजे एकध्रुव, शोधणारे स्टॅनफर्डचे ब्लास काब्रेरा. अतिवाहक तारेच्या वेटोळ्यातून एकध्रुव गेला, तर प्रवाहात ठरावीक उडी दिसायला हवी. रविवार, 14 फेब्रुवारी 1982 रोजी तशी एक उडी नोंदली गेली, डिरॅकच्या आकड्याशी जुळणारी. काब्रेरांनी ती संभाव्य घटना म्हणून छापली, शोध लागला असं म्हटलं नाही. नंतर जास्त मोठी वेटोळी लावली, तशी उडी पुन्हा आली नाही. सर्नच्या मोएडल प्रयोगालाही एकध्रुव सापडलेला नाही.

4.00. जर्नलं. एकात इलेक्ट्रॉनच्या प्रभाराचं उत्तर अगदी 1.602 × 10⁻¹⁹ कूलोम, पण वरची रीडिंग तिथे पोचतच नाहीत.

"मॅडम, पुस्तकात तेच आहे ना?"

आहे. पण खुद्द मिलिकनचा आकडा 1.592 होता, कारण हवेची विष्यंदिता किंचित कमी धरली गेली होती. ती चूक पुढे इतरांनी पुन्हा मोजूनच काढली. मी सही केली नाही. गुरुवारी दुसऱ्या बॅचबरोबर बसायचं, नवे थेंब धरायचे आणि येईल ते उत्तर लिहायचं.