राणी नव्हे, राजमाता

कोल्हापुराहून निपाणीमार्गे बेळगावास जाताना शहर लागण्यापूर्वी काकती हे गाव लागते. कित्तूरच्या राणी चन्नम्मा येथल्याच, जन्म १७७८ चा. माहेर काकती, पण बिरुद चिकटले ते कित्तूरचे! पुढे बेळगावात फातिमामातेचे कॅथेड्रल आहे. फातिमा हे पोर्तुगालातील एके काळचे खेडे. तेथे १९१७ साली तीन गुराखी मुलांना मरियेचे दर्शन झाले, अशी कॅथलिकांची श्रद्धा. हेही बिरुद गावावरूनच पडले. लूर्द आणि वेळांकण्णी यांचेही तसेच.

परंतु मरियेच्या नामावळीतील बरीच बिरुदे गावांवरून आलेली नाहीत; त्यांची सनद बायबलात आहे. पोपने १५८७ साली मान्य केलेल्या लोरेतोच्या नामावळीत तिला ‘दाविदाचा बुरूज’ म्हटले आहे, ते गीतरत्नातून. ‘कराराचा कोश’ हे बिरुद तर फार मार्मिक. दाविदाच्या काळी तो पवित्र कोश ओबेद-अदोमाच्या घरी तीन महिने राहिला, आणि लूकच्या शुभवर्तमानात मरिया अलीशिबेकडे राहते तीही सुमारे तीन महिने. याउलट ‘समुद्रतारा’ या लाडक्या नावामागे नकलनविसाची चूक असावी, असे अभ्यासक मानतात. लॅटिनमध्ये ‘समुद्राचा थेंब’ असे होते, एका अक्षराने त्याचा तारा झाला!

वाद आहे तो ‘स्वर्गाची राणी’ या बिरुदाचा. यिर्मयाच्या ग्रंथात नेमके याच नावाच्या परकीय देवीची पूजा निषिद्ध ठरविली आहे आणि प्रॉटेस्टंट मंडळी त्यावर बोट ठेवतात. कॅथलिकांचा आधार निराळा आहे, आणि तो समजावयास संस्थानी घराण्यांतील वाचकांस वेळ लागू नये. यरुशलेमच्या राजांना बायका अनेक, तेव्हा मानाचे आसन बायकोचे नसे, आईचे असे. राजांच्या पहिल्या पुस्तकात बथशेबा दरबारात येते तेव्हा शलमोन उठतो, तिला वंदन करतो आणि उजव्या हाताला तिचे आसन मांडवितो. लूकने येशूला दाविदाचे सिंहासन दिले; मग त्याची आई कोण झाली? मराठीत तिला ‘राणी’ म्हटले की कोणाची, हा प्रश्न उभा राहतो. ‘राजमाता’ म्हटले की राहत नाही. जिजाऊंच्या मुलखात याचा अर्थ कोणी सांगावयास नको.

मात्र त्याच अध्यायात पुढे काय होते तेही वाचावे. बथशेबा अदोनीयासाठी रदबदली करते, आणि एवढा मान देणारा मुलगा तिची विनंती साफ नाकारतो. आसन आईचे, हुकूम राजाचा. ४ नोव्हेंबर २०२५ रोजी व्हॅटिकनच्या धर्मसिद्धांत खात्याने ‘सहतारिणी’ हे बिरुद मरियेसाठी वापरणे उचित नाही असे स्पष्ट केले. तारणारा एकच, ही त्यामागची भूमिका. कित्येक भाविक या बिरुदासाठी शतकभर अर्ज करीत आले होते. त्यांना हे लागले असणार, पण सनद पाहिली तर निर्णय योग्यच वाटतो.

नामावळ मात्र बंद झालेली नाही. जून २०२० मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तीत तीन नावे घातली. त्यांतले एक ‘स्थलांतरितांचा दिलासा’. लेकराला घेऊन रातोरात मिसरास पळालेल्या मरियेची कथा मत्तयाने सांगितली आहे. त्याच उन्हाळ्यात आपल्याकडचे हमरस्ते मुलेबाळे काखोटीला मारून गावाकडे पायी निघालेल्या मजुरांनी भरले होते.